गिरणीच्या ओट्यावर ठरलेली लाईन

वीज खात्यात लागलो त्या दिवशी साहेबांनी माझी एका कागदावर सही घेतली. कर्मचाऱ्याने राजकारणावर किंवा सरकारच्या धोरणावर जाहीर मत देऊ नये, असं त्यात होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला मतंच नव्हती, त्यामुळे सही करताना काही वाटलं नाही. मतं नंतर आली. खांबावर चढलं की कोणाच्या घराला दोन-दोन तारा गेल्यात आणि कोणाच्या घराला अजून एकही नाही, ते वरून सगळं दिसतं. पण सही केलेली होती. म्हणून नोकरी संपेपर्यंत मी दाजीच्या गिरणीच्या ओट्यावर बसून फक्त ऐकत राहिलो.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर गेलो आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. विजेचे दर कोण ठरवतं, शेतीपंपाची सवलत कोणाच्या खिशातून जाते, खासगीकरणाच्या विरोधात आम्ही संप केला तो कशासाठी, सगळं बोललो. पाऊण तास तरी बोललो असेन. दाजीने तोवर गिरण चालूच केली नाही. शेवटी म्हणाला, "मास्तर, ह्याच्या पोटात पस्तीस वर्षांचो करंट साठलेलो."

दाजीची गिरण मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तांदूळ, नाचणी, मालवणी मसाला, सगळं तिथे दळलं जातं. दाजी आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्याची मोटार एका वर्षात दोनदा जळली होती आणि तो तक्रारीवर तक्रारी करत होता. मी गेलो की ओट्यावरच्या बायकांसमोर म्हणायचा, "इलो बघा, पातळ लाईटीचो मालक." मी खांबावर चढून विजेचा दाब मोजला. तो बरोबर होता. दोष त्याच्याच बोर्डात होता. आत पीठ साचलेलं आणि त्यावर खारी हवा बसलेली. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. मी तसं सांगितलं तर त्याने मला हाकलून दिलं.

घरातल्या बोर्डाला हात लावणं माझं काम नव्हतं. खात्याची हद्द मीटरपर्यंत. पण मला राहवलं नाही. रविवारी साध्या कपड्यांत गेलो आणि दाजी चहाला घरात गेलेला बघून बोर्ड उघडला. पट्ट्या घासून लखलखीत केल्या, स्क्रू आवळले. दाजी बाहेर आला तेव्हा मी झाकण लावत होतो. त्याने गिरण चालू केली, आवाज ऐकला आणि पुढचं दळण ओतलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक जादा खुर्ची होती. ती माझी, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

ओट्यावर आम्ही चौघं कायमची. रुझार मास्तर हायस्कुलात भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांचे भाऊ गोव्यात, त्यामुळे तिकडची वर्तमानपत्रंही त्यांच्याकडे यायची. मास्तरांचं मत ठाम, की वीज ही पाण्यासारखी, रस्त्यासारखी, ती सरकारनेच द्यावी. दाजीचं मत तितकंच ठाम, की एकाच दुकानातून माल घ्यावा लागला की दुकानदार माजतो. चौथ्या शालनवैनी. त्या देवबागच्या. नवऱ्याची बोट आहे आणि त्या स्वतः पाहुण्यांना चार खोल्या देतात, जेवण घालतात. ग्रामपंचायतीच्या मेंबर. आठवड्यातून दोनदा मसाला दळायला यायच्या आणि दळण झाल्यावरही बसायच्या.

गिरणीवरच्या वादाची एक गंमत होती. गिरण चालू झाली की कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. त्यामुळे रंगात आलेला माणूससुद्धा मध्येच गप्प बसायचा आणि दळण संपेपर्यंत विचार करायचा. दळण संपलं की पुष्कळदा तो नरम होऊन बोलायचा. विधानसभेत अशी गिरण बसवली पाहिजे, असं मास्तर म्हणत. आणि मास्तरांनी एक नियम घातला होता. कोणी काही ठोकून दिलं, की ते विचारणार, "खंयसून कळला?" मोबाईलवर आलं, हे उत्तर चालत नसे. स्वतः पाहिलं का, कोणाकडून ऐकलं, कुठे छापलेलं वाचलं, ते सांगायला लागायचं. दाजी पहिली काही वर्षं त्यावर चिडायचा. नंतर तोच इतरांना विचारायला लागला.

तिकडे आखातात काही झालं, की बोटीचं डिझेल चढणार काय, यावर चर्चा. वर किनाऱ्याला अणुप्रकल्प येणार म्हणतात तो आला तर आपल्या माशांचं काय, यावर चर्चा. घरावर सौरपॅनेल बसवावं काय, यावर तर दोन महिने. दाजी म्हणायचा सूर्य फुकट आहे. मास्तर म्हणायचे सूर्य फुकट, पण पॅनेल नाही, आणि ज्याला छप्पर नाही त्याचं काय. शालनवैनी दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "सरकारची आसू दे नायतर शेठजीची आसू दे नायतर सूर्याची. पावसात रवतली काय, ता सांगा."

हा प्रश्न खरं म्हणजे मला असायचा, आणि मी सही केलेली होती.

समुद्राकाठची वीज घाटावरच्या विजेपेक्षा वेगळी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. खांबावर तार जिथे बसते तिथे चिनी मातीचा एक वाटीसारखा तुकडा असतो, इन्सुलेटर. तारेतली वीज खांबात उतरू नये, म्हणून तो. आमच्याकडे वाऱ्याबरोबर खारं पाणी उडतं आणि त्या वाटीवर मिठाचा पातळ थर बसतो. कोरडा असतो तोवर काही होत नाही. पण धुकं पडलं, दंव पडलं, की मीठ ओलं होतं आणि वीज त्यावरून सरपटत खांबाकडे निघते. खांबाखाली उभं राहिलं तर कढईत मासा पडल्यासारखा आवाज येतो. मग लाईन जाते. लोक म्हणतात, ना वारा ना पाऊस, मग लाईट गेली कशी. म्हणून दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर आम्ही लाईन बंद करून खांबावर चढायचो आणि एकेक वाटी फडक्याने पुसायचो. सगळं आयुष्य मी समुद्र पुसत आलो, असं माझी बायको म्हणते.

पुसणारे आम्ही कायमचे कामगार होतो तेव्हा कुठला खांब कसा आहे, हे पाठ असायचं. पुढे माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची पोरं आली. पोरं चांगली, जिवावर उदार होऊन चढणारी. पण आज देवबागला, तर सहा महिन्यांनी फोंडाघाटाला. खांबाची ओळख व्हायच्या आत बदली. खासगी की सरकारी, या वादात माझं मत एवढंच होतं, की मालक कोणीही असो, त्याला आपला खांब माहीत हवा.

देवबागचे समुद्राच्या अंगाचे खांब मला माहीत होते. देवबाग म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माडांत घरं. दर्याकडच्या खांबांचे बुंधे गंजून पापडासारखे झाले होते. मी ते वहीत लिहिलं, वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं नाही. मी परत लिहिलं नाही. ओट्यावर वैनींनी मला सरळ विचारलं होतं, "भावजी, आमच्याकडचे खांब बरे आसत काय?" आणि मी, "बगूया," म्हणून विषय बदलला होता.

मग ते मोठं चक्रीवादळ आलं. खांब ओळीने झोपले. बर्फ नाही, म्हणून मासळी कुजली. पंप नाही, म्हणून विहिरीवर रांगा लागल्या. आम्ही घाटावरून आलेल्या टोळ्यांबरोबर खांब उभे केले, अंगावरचे कपडे अंगावर वाळवले. लोकांनी आम्हाला पेज आणून दिली, हार घातले. वैनींनीही घातला. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. माझ्या नोकरीतलं ते शेवटचं वर्ष होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली, की देवबागला आता खांबच नकोत, जमिनीखालून केबल टाकायची. ओट्यावर त्या दिवशी दाजीने सरकारचं कौतुक केलं, हे मास्तरांनी डायरीत लिहून ठेवलं आहे. दाजी म्हणाला, "आता खांबच नाय, मगे पडतलो काय?"

काही दिवसांनी शालनवैनी दळण न घेता आल्या. ग्रामपंचायतीत आलेला नकाशा त्यांनी झेरॉक्स करून आणला होता. त्यांनी तो पिठाच्या डब्यावर पसरला. मी चष्मा लावला. केबलची लाल रेघ दर्याच्या अंगाने, किनाऱ्याजवळच्या कच्च्या वाटेखालून सरळ गेली होती.

"वैनी, ही रेघ चुकीची आसा."

"चुकीची म्हणजे?"

"हय दर्या येतलो."

"दर्या थयच आसा मरे."

"आज भायर आसा. उद्या भितर येतलो."

मी त्यांना समजावलं. केबल पाण्याला भीत नाही. तिच्यावर जाड कातडी असते. पण केबल तुकड्यातुकड्यांनी येते आणि तुकडे जोडावे लागतात. तो जोड हा तिचा दुबळा भाग. खालची वाळू लाटेने नेली, की केबल पुलासारखी लोंबकळते, तिचा सगळा भार जोडावर येतो आणि जोड उघडतो. खांब पडला तर निदान दिसतो. जमिनीखालचा जोड गेला तर ऐन पावसात वाळू उपसत शोधायचा.

"मगे अशी रेघ मारली कशाक?" दाजीने विचारलं.

त्याचं उत्तरही मला माहीत होतं. दर्याच्या अंगाला वाट सरळ, कोणाचं अंगण नाही, यंत्र लावलं की भराभर खणता येतं. खाडीच्या अंगाने न्यायची तर प्रत्येकाच्या परसातून जाणार आणि प्रत्येकाची लेखी संमती लागणार. कोण बसणार दारोदार फिरत?

मास्तर म्हणाले हरकत घ्या, कोर्टात जावं लागलं तरी चालेल. दाजी उसळला. "आता हरकत घेतली तर स्कीमच परत जातली. मगे बसा मेणबत्ती घेवन."

"चूक दिसता हा नि गप रवाचा?"

"गप रव म्हणूक नाय मी. पण ताटातला जेवण परत पाठवू नको म्हणतंय."

खरी अडचण वैनींची होती. त्या म्हणाल्या, "लोक म्हणतले, मेंबरणीन लाईट अडवल्यान. पुढल्या निवडणुकीक माका कोण उभी करतलो नाय. ता जावंदे. पण खराच स्कीम गेली तर मी तोंड खंय दाखवू?"

तीन-चार आठवडे आम्ही याच विषयावर होतो. इतकी वर्षं आम्ही दिल्ली आणि मुंबईचं धोरण ठरवलं होतं. आता आमच्याच पायाखालच्या रेघेचं ठरवायचं होतं आणि ते सगळ्यांत अवघड निघालं. शेवटी वाट दाजीने काढली, आणि त्याचं श्रेय तो आजही दर आठवड्याला घेतो. तो म्हणाला, "तेंका संमती गोळा करूचो कंटाळो. आपण गोळा करून दिलो कागद तर? हरकत नको. काम सोपा करून देवया."

मास्तरांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं.

मास्तर आणि दाजी दोघं मिळून देवबागच्या घरोघर फिरले. अर्ध्या वाडीतले लोक मास्तरांचे विद्यार्थी, आणि दाजीकडे सगळ्यांचं दळण. वैनी पुढे. कागद भरत चालला. एक मात्र राहिला. खाडीकाठच्या बावतीसचा. आणि त्याचं परसदार बरोबर मध्ये. तिथे अडलं तर लाईन पुन्हा दर्याकडे वळणार.

बावतीसच्या नकाराचं कारण मी होतो. बारा वर्षांपूर्वी पावसाआधीची फांद्यांची छाटणी चालू होती. तारेखाली त्याचं मानकुराद आंब्याचं कलम होतं. त्याच्या आईने माहेराहून, गोव्यातून आणून लावलेलं. मी फांद्या छाटायला सांगायला हव्या होत्या. पण आभाळ भरून आलं होतं, अजून चार वाड्या बाकी होत्या, आणि मी म्हणालो, बुंध्यातूनच तोडा, दरवर्षीची कटकट नको. त्याची आई पडवीत बसून बघत होती. त्यानंतर बावतीस माझ्याशी बोलला नव्हता.

मी एकटाच गेलो. दुपारची वेळ होती. तो जाळं शिवत बसला होता.

"आता खंयचा झाड तोडूक इलंस?"

"एकव नाय." मी उभाच होतो. "बावतीस, तेव्हा माझा चुकला. फांद्यो मारून भागला असता. मी घाय केली."

त्याने सुई थांबवली. "बारा वर्सा लागली तुका ह्या सांगूक. आवय असती तर तिका सांगितलं असतंस."

मी तसाच उभा राहिलो. शेवटी तो उठला आणि आतून चुन्याची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "लाईन खयसून जातली ती दाखय. पावलाक पावल."

आम्ही दोघं त्याच्या परसात फिरायला लागलो. मी पुढे, तो मागून चुना टाकत. प्रत्येक झाडापाशी तो मला थांबवायचा. या भिरंडाची, म्हणजे कोकमाची, मुळं इकडून जातात, वायच बाहेर घे. हा माड पोराच्या जन्माचा, त्याला लांबून घे. इथे यंत्र नको, हाताने खणायचं. मी सगळं कागदावर लिहून घेतलं. पांढरी रेघ नागमोडी गेली, खात्यातल्या कुठल्याही साहेबाने बघितली असती तर हसला असता. पण एकही झाड तिच्यात नव्हतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याने सही केली. मला बसायला सांगितलं नाही, पण पाणी दिलं.

सभा शाळेत भरली. खात्याचे नवे अभियंता आले होते, तरुण, घाटावरचे. बरोबर ठेकेदाराचा माणूस. वर्ग भरून गेला होता आणि काही लोक खरोखरच वैनींवर डोळे काढून बसले होते. एकाने विचारलंही, की मेंबरला केबल नको असेल तर तसं लिहून द्यावं. वैनी उठल्या आणि म्हणाल्या, "माका केबल व्हयी. टिकणारी व्हयी."

अभियंता शांतपणे म्हणाले, "ताई, मार्ग आम्ही मनाने ठरवलेला नाही. रीतसर सर्वेक्षण झालं आहे."

रुझार मास्तर उठले. वर्गात उभं राहिल्यावर मास्तरांचा आवाज आपोआप बदलतो. "साहेब, सर्वेक्षण कुठल्या महिन्यात झालं?"

साहेबांनी फाईल बघितली. "जानेवारीत."

"आमच्याकडे जानेवारीत किनारा रुंद असतो. ती वाळू पावसात समुद्र घेऊन जातो आणि दिवाळीनंतर थोडी परत देतो. सगळी देत नाही."

"हे तुम्हाला कशावरून माहीत?"

मास्तर माझ्याकडे बघून हसले. हा प्रश्न आयुष्यभर ते विचारत आले होते. ते म्हणाले, "ते आमचे महादेव सांगतील."

मी उठलो.

"तुम्ही अभियंता का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा सूर वाईट नव्हता.

"नाही साहेब. लाईनमन. पण त्या किनाऱ्यावरचा एक खांब मी तीनदा उभा केलाय. त्यात दोनदा तो मागे घ्यावा लागला. पहिल्या वेळी जिथे पुरला होता ती जागा मी आत्ता दाखवू शकतो. आता सुकती आहे, म्हणजे ओहोटी. दहा मिनिटं चालावं लागेल."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, याची काही गरज नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि उठले.

अख्खी सभा किनाऱ्यावर गेली. पाणी ओसरलेलं होतं. काठापासून चांगलं लांब, गुडघाभर पाण्यात, सिमेंटचा एक काळा ठोकळा वर आला होता आणि त्यातून लोखंडाचा हातभर गंजका तुकडा. मी बोट दाखवलं. "तो पहिला खांब. तेव्हा तो माडांच्या आत होता. त्याच्या पुढे वाट होती आणि वाटेपुढे किनारा."

मग मागून बावतीस पुढे आला. तो सभेला आलाय, हे मला माहीतच नव्हतं. म्हणाला, "खरा सांगता हा तो. त्या खांबाक माझी बैलगाडी लागलेली. तेव्हा पाणी खंय होता, आणि आता खंय आसा, तुमीच बगा."

साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात गेले. ठोकळ्यापर्यंत जाऊन त्याला हात लावला. परत वळून किनाऱ्याकडे बघितलं, नकाशा उघडला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. लाटा त्यांच्या मांडीला लागत होत्या. परत आले तेव्हा त्यांनी वैनींना विचारलं, "खाडीच्या बाजूने नेली तर संमती मिळेल?"

वैनींनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्या हातात दिला. "सगळे आसत. मोजून घेवा."

साहेब चाळत गेले. शेवटच्या पानावर बावतीसच्या परसाची माझी नागमोडी रेघ होती. ती बघून ते हसले नाहीत. "हे कोणी काढलं?" एवढंच विचारलं, आणि तो कागद वेगळा काढून खिशात ठेवला.

वरून मंजुरी यायला वेळ लागला. ठेकेदाराने वाढीव खर्चाची कुरकुर केली, कोणीतरी वैनींच्या विरोधात पत्रही लिहिलं. त्या दिवसांत ओट्यावर वैनी कमी बोलायच्या. मग एका सकाळी अभियंता साहेबांचा मला निरोप आला, की खाडीच्या मार्गाला होकार आहे आणि खणताना तुम्ही हजर राहा. निवृत्त लाईनमनला खात्याने बोलावलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मी जुना खाकी शर्ट इस्त्री करून घातला. बायको म्हणाली, बटण लागत नाही पोटावर. मी म्हटलं, नाही लागलं तर नाही.

बावतीसच्या परसात हाताने खणलं. एक मूळही तुटलं नाही. कामाच्या शुभारंभाला मोठे पुढारी आले, नारळ फुटला, फलकावर नावं लागली. आमच्यापैकी कोणाचं नव्हतं. दाजीला राग आला. मास्तर म्हणाले, "नाव तेंचा आसू दे. वाट आमची आसा." वैनींनी त्या संध्याकाळी ओट्यावर नारळाच्या रसातल्या खापरोळ्या आणल्या. दाजीने पाच खाल्ल्या आणि हा विजय सरकारचा की खासगी प्रयत्नांचा, यावर मास्तरांशी भांडायला लागला. मास्तर म्हणत होते लोकांचा. दळणासाठी दोन बायका थांबल्या होत्या, त्याही भांडणात पडल्या.

पुढच्या पावसाळ्यात आषाढात उधाण आलं. दोन दिवस वारा थांबला नाही. दर्याने किनाऱ्याजवळची कच्ची वाट खाल्ली, ज्या वाटेखालून ती लाल रेघ जाणार होती. तिच्या कडेचे चार माड मुळांसकट पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर होतो. आभाळ इतकं काळं, की दाजीने दिवे लावले होते. मास्तर पेपर धरून बसले होते आणि पान उलटत नव्हते.

माझा मोबाईल वाजला. बावतीस होता. बारा वर्षांच्या अबोल्यानंतर संमतीपुरतं बोललेला माणूस. मी उठून उभा राहिलो. नोकरीत फोन वाजला की उभं राहायची सवय लागलेली.

"म्हादू."

"बोल. काय झाला?"

"काय झाला नाय. वाट गेली. माड गेले." मागे वाऱ्याचा आवाज येत होता, आणि त्यातूनच त्याच्या घरातल्या पंख्याचा. "पण लाईट आसा. ता सांगूक फोन केलंय."

पस्तीस वर्षांत मला हजारो फोन आले असतील. लग्नातून, हॉस्पिटलातून, बर्फाच्या कारखान्यातून, मध्येच जेवण सोडून उठायला लावणारे. लाईट आहे, हे सांगायला आजवर कोणीच फोन केला नव्हता. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. तक्रारीच्या फोनला द्यायचं तेच उत्तर सवयीने तोंडातून निघून गेलं, "बरा. बगतंय."

आणि पलीकडे बावतीस मोठ्याने हसला.